बेंटवूडच्या जुन्या खुर्च्या, डोलखुर्ची आणि आमचं टू बीएचके

रानजाई
नमस्कार मंडळी. आजेसासूबाईंची ठाकुरद्वारची चाळ पुनर्विकासाला गेली. सामानाची वाटणी झाली तेव्हा पितळेची भांडी आणि आरशाचं कपाट सगळ्यांनाच हवं होतं, वाकवलेल्या लाकडाच्या, म्हणजे बेंटवूडच्या खुर्च्या कुणालाच नको होत्या. त्या टेंपोत बसून आमच्याकडे ठाण्याला आल्या. चार साध्या खुर्च्या, एक डोलखुर्ची आणि दारामागे ठेवायचा कोट-टोप्यांचा उंच स्टँड असा ऐवज आहे. दोन खुर्च्यांचा वेत फाटलाय, एकीला प्लायची बैठक आहे, एक ठणठणीत आहे. सगळ्यांचा रंग काळपट तपकिरी.

घर असं: पांढऱ्या चकचकीत टाइल्स, पांढऱ्या भिंती, हॉलमध्ये एल आकाराचा करडा सोफा. नवरा म्हणतो, "एक खुर्ची आठवण म्हणून ठेव, बाकी ओएलएक्सवर टाक." मला सगळं ठेवायचंय, पण घर जुन्या सामानाच्या दुकानासारखं दिसायला नकोय. पॉलिशवाला म्हणाला, "ताई, घासून पांढरं काढतो आणि वर पीयू मारतो, काचेसारखं होईल." (पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश.) त्याला अजून हो म्हटलेलं नाही. जाणकारांनी सांगा, काय करू?

चिमटा
ठाण्यात कोट अडकवायचा स्टँड? आधी कोट घ्या.

गिरगांवकर_काका
रानजाई, पॉलिशवाल्याला आधी दारातूनच परत पाठवा. बाकी नंतर बोलू.

आमच्या लहानपणी याला बेंटवूड वगैरे कुणी म्हणत नसे. इराण्याची खुर्ची म्हणायचे, नाहीतर पोलंडची खुर्ची. इराणी हॉटेलं म्हणजे मेट्रो सिनेमासमोरचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनजवळचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबलं, भिंतीवर आरसे आणि या खुर्च्या हा सगळीकडचा ठरलेला जामानिमा. कारण व्यवहारी होतं. खुर्ची तीन-चार किलोची, पोऱ्यासुद्धा एका हाताने उचलून टेबलावर उलटी ठेवायचा आणि रात्री खालची फरशी धुवायचा. दिवसभर माणसं त्यावर बसून उठायची आणि वर्षानुवर्षं काही व्हायचं नाही.

फक्त इराण्याकडेच होत्या असंही नाही. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात होत्या, वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांसाठी होत्या, आणि चाळीत ज्याच्याकडे बऱ्यापैकी नोकरी त्याच्याकडे दोन तरी असायच्याच. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना शेजारच्या खोलीतून आणून दिलेल्या खुर्च्या याच. तुमच्या आजेसासूबाईंच्या चार खुर्च्यांनी किती लग्नं जमवली असतील कुणास ठाऊक.

तुळस_मंजिरी
काका +१. आमच्याकडे पण शेजारून आणायचे. परत द्यायला मीच जायचे आणि वाटेत गॅलरीत बसून घ्यायचे.

ब्रनोकर
मी चेक प्रजासत्ताकात ब्रनोला राहतो. हा धागा म्हणजे माझ्या शेजारच्या गावाची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या खुर्च्यांचा जनक मिखाएल टोनेट. १७९६ साली ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड गावात जन्मलेला सुतार. १८३० च्या दशकात त्याने पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक चिकटवून वळणदार खुर्च्या करायला सुरुवात केली. ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटर्निखने १८४१ मध्ये त्याचं काम पाहिलं आणि त्याला व्हिएन्नाला बोलावलं. तिथे राजवाड्यांची कामं मिळाली, कॅफेंच्या मागण्या आल्या, १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात पदक मिळालं. अडचण एकच होती. खुर्च्या जहाजाने दमट देशांत गेल्या की सरस सुटायचा. मग त्याने चिकटवणं सोडून अखंड लाकूड वाफेवर वाकवायची रीत शोधली आणि १८५६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कारखाना काढला तो आमच्या इकडे मोराव्हिया प्रांतात, कोरिचानी गावाला. कारण तिथे बीच नावाच्या झाडाची जंगलं होती आणि हाताला काम हवं असलेली माणसं होती. व्हिएन्नात बसून लाकूड मागवण्यापेक्षा कारखानाच जंगलात नेला.

१८५९ ची त्याची चौदा नंबरची खुर्ची म्हणजे सगळ्या जगाची कॅफेखुर्ची. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. बास. सुटी केलेली ३६ नग एक घनमीटरच्या खोक्यात मावायची, पोचली तिथे पान्याने जोडायची. आज आपण आयकियाचं कौतुक करतो, यांनी ते सुएझ कालवा व्हायच्या आधी करून ठेवलं होतं. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या पाच कोटी खुर्च्या खपल्या.

पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि इतर कारखाने उतरले. त्यातला सगळ्यात मोठा जे. अँड जे. कोन. टोनेट आणि कोन दोघांचेही कारखाने आजच्या पोलंडमधल्या रादोम्स्कोला होते, त्यामुळे काकांची 'पोलंडची खुर्ची' अगदी बरोबर आहे. पुढे कोन आणि मुंडुस नावाची आणखी एक कंपनी एक झाले, पहिल्या महायुद्धानंतर त्यांत टोनेटही मिसळला.

रानजाई, खुर्ची उलटी करा आणि बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला बघा. कागदी लेबल किंवा डाग दिल्यासारखा ठसा सापडेल. काय लिहिलंय ते इथे सांगा.

रानजाई
ब्रनोकर, केवढं लिहिलंत! लगेच चारही खुर्च्या उलट्या केल्या, मुलगा टॉर्च धरून बसला होता. वेताच्या ठणठणीत खुर्चीला ठसा आहे, त्यात टोनेट स्पष्ट वाचता येतं. एकीला फाटकं कागदी लेबल आहे, त्यावर चेकोस्लोव्हाकिया एवढंच शिल्लक आहे. प्लायवालीला काहीच नाही. चौथीला कोन असावं, शेवटची अक्षरं गेलीत. म्हणजे या चार खुर्च्या एका सेटच्या नाहीतच?

ब्रनोकर
नाहीत, आणि ते फार छान आहे. चेकोस्लोव्हाकिया हा देशच १९१८ मध्ये जन्माला आला, तेव्हा ती खुर्ची त्याच्या आधीची असूच शकत नाही. लेबलवर व्हिएन्ना किंवा ऑस्ट्रिया असेल तर जुनी असण्याची शक्यता जास्त, पण नुसत्या गावाच्या नावावरून साल ठरवू नका, व्हिएन्नाचं नाव नंतरही वापरायचे.

पाठीकडे बघा. मोठ्या कमानीत लहान कमान असेल आणि तिची टोकं बैठकीच्या वरच मोठ्या कमानीला येऊन मिळत असतील तर चौदा नंबरची जात. आतली कमान थेट बैठकीपर्यंत उतरत असेल तर अठरा नंबरची, ती १८७६ ची. निर्यातीला हीच जास्त गेली, कारण पाठ आणखी मजबूत झाली होती.

चिमटा
माझ्या खुर्चीवर 'नीलकमल' लिहिलंय. कोणत्या साम्राज्याची?

ब्रनोकर
चिमटा, तीही एकावर एक रचून ठेवता येते, त्यामुळे थोडं नातं लागतं :)

सुतारपक्षी
पेशाने इंजिनियर, हौसेने सुतार. माझ्याकडे दुरुस्तीला अशा बऱ्याच खुर्च्या येतात. दोन गोष्टी कळल्या की बाकी सगळं आपोआप कळतं.

पहिली म्हणजे वाकवणं. बीचचं सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड लेथवर गोल करतात आणि वाफेच्या पेटीत ठेवतात. ढोबळ हिशेब एक इंच जाडीला एक तास. वाफेने मऊ झालेलं लाकूड दाबलं तर खूप आखडतं, अगदी पाव हिश्शापर्यंत, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांतच फाटतं. म्हणून नुसतं वाकवायला गेलं की बाहेरची बाजू चिरते. टोनेटने बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी लावली आणि तिच्या दोन्ही टोकांत लाकूड अडकवलं. पट्टी ताणत नाही, त्यामुळे लाकडालाही ताणता येत नाही, सगळा बदल आतल्या बाजूला दबून होतो. मग लोखंडी साच्यावर आवळून भट्टीत वाळवायचं. हे सगळं वाफेतून काढल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत उरकावं लागतं. ब्रनोकर, तिकडे अजून हातानेच करतात ना?

यावरूनच खरी-खोटी ओळखायची. वाकवलेल्या लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळतात. फळीतून करवतीने कापलेल्या नकलेत रेषा वळणाला आडव्या कापल्या जातात आणि मध्ये कुठेतरी जोड सापडतो. शिसवीच्या, सागाच्या 'अँटिक बेंटवूड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच खुर्च्या अशाच असतात. वाईट नसतात, पण वळणाच्या जागी मोडतात. आणि बीच आपल्याकडे होत नाही. त्याच्यावर बारीक तपकिरी ठिपक्यांसारखी नक्षी दिसते, पॉलिश उडालेल्या जागी बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड. लाकूड क्वचित मोडतं, जोड ढिले होतात. रानजाई, खुर्ची हलते म्हणून कोणी खिळा ठोकायला आला तर त्याला चहा देऊन घालवा. जुन्या खुर्च्या मरतात त्या खिळ्याने आणि लोखंडी एल-पट्टीने. बीच चिरतं आणि ती चीर परत भरत नाही. तो स्क्रू काढा, भोक मोठं झालं असेल तर त्यात बांबूची काडी सरसात बुडवून भरा, वाळू द्या, परत त्याच मापाचा स्क्रू लावा. पुढचे पाय बैठकीच्या कड्यात खुंटीने बसवलेले असतात. तिथला जुना सरस खरवडून काढल्याशिवाय नवा लावू नका, सुटलेल्या जुन्या सरसावर नवा नीट धरत नाही. आणि खालचं गोल कडं, जे चार पायांना धरून ठेवतं, ते शोभेचं समजून काढून टाकू नका. लोकांना पाय आपटतो म्हणून काढतात आणि मग सहा महिन्यांत खुर्ची लंगडते.

ब्रनोकर
हो, हातानेच. बिस्त्रशित्से पॉड होस्तीनेमचा कारखाना टोनेटनी १८६१ मध्ये सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सरकारने घेतला, आता टॉन या नावाने चालतो आणि चौदा नंबरची खुर्ची तिथे आजही बनते. दोन-दोन माणसं वाफाळलेली काठी घेऊन साच्याभोवती फिरतात. तिकडे जर्मनीत फ्रांकेनबर्गला टोनेट घराण्याचा कारखाना चालू आहे, तिथे तीच खुर्ची २१४ नंबरने मिळते. म्हणजे नवीही घेता येते. किंमत मात्र विचारू नका.

तुळस_मंजिरी
इंजेक्शनच्या सुईने भोकात औषध सोडायचं म्हणतात ते खरं का? आमच्या एका खुर्चीला बारीक भोकं आहेत.

सुतारपक्षी
भोकाखाली ताजी भुकटी पडते का बघा. खुर्चीखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. पडत नसेल तर किडा केव्हाच निघून गेलाय, काही करू नका. पडत असेल तर हो, लाकूडकिड्याचं औषध सुईने प्रत्येक भोकात, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. आणि तोवर ती खुर्ची बाकी लाकडी सामानापासून लांब ठेवा. बीच वाळवी-किड्याला फार लवकर बळी पडतं, सागवानाच्या भरवशावर राहू नका.

पीतांबर
वेगळं मत मांडतो. एवढं सोवळं कशाला? पाच कोटी बनल्या म्हणताय, म्हणजे ही काही पेशवेकालीन गंजिफा नव्हे. मी माझ्या दोन खुर्च्या चक्क पिवळ्या रंगवल्या. बाल्कनीत झाडांमध्ये झकास दिसतात. वस्तू वापरात राहिली तर जगते.

गिरगांवकर_काका
पीतांबर, पिवळ्या? ऑइल पेंटने? अहो, निदान गेरू तरी लावायचा.

पीतांबर
काका, गेरू पावसात धुऊन जातो :) पण विचार करा ना. कारखान्यातून सुद्धा त्या मुळात रंगवूनच यायच्या. बीच पांढुरकं असतं, हा तपकिरी रंग शिसवी-महोगनीचा आव आणायला दिलेला. म्हणजे 'मूळ रंग' हाही एक नाटकच.

सुतारपक्षी
पीतांबरांचा मुद्दा बरोबर आहे, मी फक्त वाट वेगळी सांगतो. लेबल-ठशाची खुर्ची असेल, वरचं पॉलिश सत्तर टक्के शिल्लक असेल, तर घासू नका. बिनलेबलची, तीनदा ऑइल पेंट खाल्लेली असेल तर हवी ती रंगवा, कुणी रडणार नाही.

जुनं पॉलिश लाखेचं असतं. चपडा लाख हार्डवेअरच्या दुकानात मिळते, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीने पातळ हात द्यायचे. लाखेचा गुण हा की नवा हात जुन्यात विरघळून मिसळतो, त्यामुळे उडालेली जागा तेवढीच भरता येते. पीयूचं तसं नाही, त्याचा पापुद्रा वर बसतो, उडायला लागला की सगळंच घासावं लागतं. पॉलिशवाल्यांना पीयू आवडतं कारण काम एकदम मोठं मिळतं. लाखेचे तोटेही सांगतो. गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, सांडलेल्या दारूने विरघळते. आणि पावसाळ्यात लावूच नका, ओल धरून पांढुरकी होते. दिवाळी उलटली की मग.

रानजाई
सुतारपक्षी, पीयूला नकार आजच कळवला. पॉलिशवाला म्हणाला, "ताई, इंटरनेटवर वाचलंत का?" मी हो म्हटलं.
आता खरा प्रश्न, ठेवू कुठे?

ओसरी
घरसजावटीचं काम करते, म्हणून इथे बोलू शकते. तुमच्या घराचे फोटो पाहिले नाहीत तरी ठाण्याचं टू बीएचके डोळ्यांसमोर आहे, कारण सगळी एकाच साच्यातली असतात.

बेंटवूडचा मोठा फायदा लहान घराला आहे. खुर्चीच्या आरपार भिंत आणि फरशी दिसते, त्यामुळे जागा भरल्यासारखी वाटत नाही. तुमचा एल सोफा जमिनीला टेकलेला, भरीव, त्याने हॉल अर्धा खाल्लाय. जमलं तर त्याचा आडवा तुकडा काढा आणि तिथे डोलखुर्ची ठेवा. तेवढं नवऱ्याला पटवणं तुमच्याकडे.

डोलखुर्चीच्या मागे दीड-दोन फूट मोकळे हवेत, नाहीतर ती भिंतीला ठोकत बसते आणि टाइल्सवर पुढे-पुढे सरकते. खाली पातळ चटई किंवा सतरंजी घाला. जाड गालिचा नको, त्यात रुतते. आणि झुलती बाजू वाटेत येणार नाही अशी ठेवा, अंधारात नडगीला लागलं की सगळं प्रेम संपतं.

चार खुर्च्या वेगवेगळ्या आहेत म्हणून त्या जेवणाच्या टेबलाभोवती सेटसारख्या मांडू नका. काचेच्या टेबलाभोवती तर अजिबात नको, खाली नुसते पाय-पाय दिसतात. दोन खुर्च्या साध्या लाकडी किंवा संगमरवरी टेबलाला, एक मुलाच्या अभ्यासाला, एक शयनघरात पलंगाशेजारी. तिच्यावर पुस्तक, चष्मा, पाण्याचा तांब्या (ट्रेमध्ये, लाखेची आठवण ठेवा). प्लायच्या बैठकीची अभ्यासाला द्या, मुलं वेतावर गुडघे टेकतात आणि वेत फाटतो. जेवणाच्या टेबलाची उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर बसायला नीट जमतं, कारण बैठक साधारण ४५ ची असते. उशा करून वर बांधू नका. वेत झाकला तर मग ती खुर्ची कशाला?

भिंत पांढरी आहे ते बरंच. काळपट वळण पांढऱ्यावर उठून दिसतं. व्हिएन्नाच्या माक संग्रहालयात या खुर्च्या पडद्यामागे ठेवून फक्त सावल्या दाखवल्या होत्या, बघण्यासारखं होतं. घरी एवढं करायची गरज नाही, डोलखुर्चीच्या बाजूला एक खालच्या उंचीचा दिवा पुरे. वर फ्रेमा, तोरणं, मोरपिसं काही लावू नका.

आणि जुनं सामान म्हणजे सगळं घर जुन्या थाटाचं हवं, हे डोक्यातून काढा. प्रसिद्ध वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने १९२५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आपलं अगदी नव्या पद्धतीचं घर मांडलं, त्यात खुर्च्या टोनेटच्याच ठेवल्या होत्या. ग्रामोफोनचा भोंगा, पितळी दिवा, तांब्याचा बंब, जुना टेलिफोन हे सगळं शेजारी आणून ठेवलंत तर ते थीम रेस्टॉरंट होईल. पार्ल्यापासून पिंपरीपर्यंत 'इराणी' थाटाची जी नवी कॅफे निघालीत त्यांतली निम्मी मला त्यामुळेच सहन होत नाहीत. हे माझं मत, भांडायला कुणी येऊ नये.

चिमटा
भांडायला नाही, बनमस्का खायला येतो.

रानजाई
ओसरी, सोफ्याचा तुकडा काढायचं ऐकून नवरा दोन मिनिटं गप्प होता. ही चांगली खूण आहे.
स्टँडचं काय करू?

ओसरी
दाराशीच ठेवा. छत्र्या, ओढण्या, पिशव्या, मुलाची टोपी. खाली छत्रीसाठी कडं असेल, त्याखाली पाणी धरायला थाळी ठेवा. सगळं वजन एका बाजूला लटकवू नका. लॅपटॉपच्या दोन बॅगा एकाच आकड्याला लागल्या की तो आडवा होतो आणि पडतो तेव्हा नेमका वाकवलेला आकडाच मोडतो.

पणजीकार
आमच्याकडे गोव्यात आजोळच्या घरात अशा खुर्च्या आहेत, ओसरीवरच (धागालेखिकेच्या सल्लागार नव्हे, खरी ओसरी). वेताबद्दल दोन शब्द. उन्हात ठेवलेला वेत करकरीत होतो आणि तुटतो, आणि चार महिने बंद घरात ठेवलेल्याला बुरशी धरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसतो, पंख्याखाली ठेवतो. वेत सैल पडला असेल पण तुटला नसेल तर खुर्ची उलटी करा, कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने वेताची खालची बाजू भिजवा आणि सावलीत रात्रभर वाळू द्या. ताठ होतो. वरची बाजू भिजवू नका, तिच्यावर चकाकी असते, पाणी आत शिरत नाही.

आणि वेताच्या खुर्चीवर उभं राहून पंखा पुसायचा नाही. हे आमच्या आजीचं वाक्य, तिने आयुष्यभर वापरलं.

गिरगांवकर_काका
वेत विणणारे शोधताना एक गोष्ट विचारा, भोकातून विणणार की तयार जाळी दाबून बसवणार. बैठकीच्या कड्याला सगळीकडे ओळीने भोकं असतील तर हाताने विणायचं. कड्याला खाच असेल तर तयार जाळी चालते, तिच्यावरून वेताची पट्टी ठोकून बसवतात. काही जण आळसाने भोकांच्या कड्यालाच खाच पाडतात आणि जाळी ठोकतात. तसं करू देऊ नका, कडं कमजोर होतं.

पूर्वी अंध व्यक्तींच्या संस्थांमध्ये हे काम शिकवायचे, सरकारी कार्यालयांत खुर्च्या विणायला अंध कारागीर नेमलेले असायचे. आमच्या ऑफिसात एक होते. बोटांनी भोकं मोजत विणायचे, एक ओळ चुकायची नाही. अजूनही काही संस्थांत हे काम करून मिळतं, ठाण्या-मुंबईत चौकशी करा. प्लॅस्टिकच्या वेताचा आग्रह कुणी धरला तर नाही म्हणा. टिकतो, पण मांडीला चिकटतो.

मीठभाकर
वाचनखूण साठवली. आमच्याकडे वारसा वगैरे काही नाही, विकत घ्यायच्या असतील तर? चोरबाजार?

सुतारपक्षी
मटण स्ट्रीटवर मिळतात, जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात मिळतात, पुण्यात जुन्या बाजारात कधी बुधवारी-रविवारी नशिबाने एखादी सापडते. दुकानदार सांगेल की ही एखाद्या बंद पडलेल्या इराण्याकडची आहे. असेलही. तुम्ही मात्र गोष्टीचे पैसे देऊ नका, लाकडाचे द्या.

बघायचं असं. खुर्ची सपाट जमिनीवर ठेवा, समोरच्या दोन कोपऱ्यांवर हात ठेवून तिरपी दाबा. डुगडुगली तर जोड ढिला, तो होतो दुरुस्त. पाठीची मोठी कमान आणि मागचे पाय एकाच अखंड काठीचे असतात, तिथे बैठकीच्या जरा खाली-वर चीर आहे का नखाने तपासा. तिथे चीर असेल तर फुकट दिली तरी नको. लोखंडी पट्टी लावलेली, पायांची टोकं कापून बुटकी केलेली नको. दुकानदार कुजलेले पाय कापतात आणि चारही सारखे कापतात म्हणून लक्षात येत नाही. टेप घेऊन जा. बैठक ४३ सेंटिमीटरच्या बरीच खाली असेल तर पाय गेलेत. चकचकीत नव्या पॉलिशची जरा संशयाने बघा, त्याखाली काय भरलंय ते दिसत नाही. धुळीची, मळकी घ्या, तिथे सगळं उघड असतं. आणि सहा एकदम घ्यायचा मोह आवरा. एक घ्या, वापरा, मग बघा.

मीठभाकर
धन्यवाद. टेप पिशवीत टाकली.

रानजाई
अपडेट. सोफ्याचा आडवा तुकडा दिरांकडे गेला. डोलखुर्ची खिडकीशी आहे, पडदा लावून ऊन अडवलंय. संध्याकाळी तिच्यावर कोण बसणार यावरून रोज वाद, त्यामुळे ओएलएक्सचा विषय घरात कुणी काढत नाही. टोनेटच्या ठशाची खुर्ची शयनघरात, प्लायवाली मुलाकडे. फाटक्या वेताच्या दोन विणायला दिल्यात, भोकातून, काका. कोनवालीच्या खालच्या कड्याचा एक स्क्रू गायब आहे. दुकानात सगळे फुलीच्या खाचेचे मिळतात, मला सरळ खाचेचा हवाय. कुठे मिळेल?

सुतारपक्षी
लोहार चाळीत पितळी स्क्रूच्या दुकानात विचारा, पण कड्याला पितळी लावू नका, नरम असतो, आवळताना मुंडी तुटते. लोखंडीच मागा. लांबी मोजण्यासाठी शेजारचा एक काढून बरोबर न्या.

चिमटा
आणि तो परत लावायला विसरू नका, नाहीतर दोन शोधावे लागतील.